भांडणाची इंग्रजी

१८५३ साली वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि त्यातल्या भातकुलीच्या मुलखातली भाऊबंदकी साहेबाच्या कचेरीपर्यंत जाण्याची वाट खुली झाली. पण साहेबाच्या परक्या भाषेतले नात्यागोत्याचे आणि वैराचे वाक्प्रचार नुसत्या घोकंपट्टीने उमगत नाहीत. ते आपल्या बोलीतल्या जोडीदारासह शिकावे लागतात. ही रीत साहेबांनीच आधी चोखाळली होती. मोल्सवर्थच्या १८३१च्या मराठी-इंग्रजी कोशात वाक्प्रचार आहेत. मॅनवेअरिंगने १८९९ मध्ये मराठी म्हणी इंग्रजी भाषांतरासह छापल्या. आक्षेप असा, की त्या ग्रंथांत वऱ्हाडी बोली कितीशी? थोडीच, पण घ्यायची आहे ती रीत. विळ्याभोपळ्याचे सख्य ज्याला कळते, त्याला इंग्रजीतल्या वैराची छटाही लवकर सापडते. म्हणून वर्गात इंग्रजी वाक्प्रचाराआधी वऱ्हाडी म्हण यावी.