निकषातले दोन शब्द

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने १९८७ साली आपल्या निदानपुस्तिकेची, म्हणजे ‘डीएसएम’ची, सुधारित तिसरी आवृत्ती काढली. समलैंगिकता हा आजार नाही, हे संघटनेने १९७३ मध्येच ठरवले होते. तरी स्वतःच्या समलैंगिकतेचा त्रास होणाऱ्यांसाठी एक निदान १९८० च्या आवृत्तीत उरले होते. १९८७ मध्ये तेही गेले. त्याच आवृत्तीत, काही पानांच्या अंतरावर, बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराच्या निकषात दोन शब्द नव्याने आले: लैंगिक कल.

निकष असा होता. स्वप्रतिमा, लैंगिक कल, दूरची ध्येये किंवा व्यवसायाची निवड, मित्र कसे हवेत आणि मूल्ये कोणती, यांपैकी किमान दोन बाबतींत माणूस सतत अनिश्चित असेल, तर आठांपैकी एक लक्षण जुळले. आठांपैकी पाच जुळली की निदान झाले.

याचा फटका कुणाला बसणार होता? जिला पुरुष आणि स्त्रिया दोघांचीही ओढ वाटते, अशी स्त्री स्वतःपुरती पक्की असू शकते. समोर बसलेल्या तज्ज्ञाच्या मनात मात्र दोनच कप्पे असतील, तर तिच्या पक्क्या उत्तरालाही तो अनिश्चितता म्हणणार. आणि मानसोपचारात ही दोन कप्प्यांची सवय जुनी होती. फ्रॉइड माणसाच्या मूळ घडणीतच उभयलैंगिकता पाहत होता. पण पुढच्या पिढीतल्या एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने १९५६ च्या पुस्तकात असे काही अस्तित्वातच नसते, असे ठासून लिहिले. अमेरिकन लैंगिकता-संशोधक किन्सी यांची लैंगिक कल मोजणारी ० ते ६ अंकांची पट्टी १९४८ मध्येच आली होती. तिच्यात मधल्या अंकांना जागा होती, बर्गलरच्या सिद्धांतात नव्हती. न्यूयॉर्कमधले मानसोपचारतज्ज्ञ फ्रिट्झ क्लाइन यांचे या विषयावरचे पुस्तक यायला १९७८ उजाडले.

‘बॉर्डरलाइन’ या शब्दाचा प्रवासही तितकाच अडखळत झाला. न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये तो वापरला, तो न्यूरोसिस आणि सायकोसिस यांच्या हद्दीवर असलेल्या, नेहमीच्या विश्लेषणाला दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी. १९६७ मध्ये ऑटो कर्नबर्ग यांनी त्याला सैद्धांतिक चौकट दिली आणि एकाच वेळी अनेक दिशांना जाणाऱ्या, त्यांच्या मते विकृत अशा लैंगिक प्रवृत्तींची नोंद या अवस्थेच्या संभाव्य खुणांमध्ये केली. १९८० मध्ये ‘डीएसएम’ने बॉर्डरलाइनला अधिकृत निदान केले, तेव्हा लैंगिकतेविषयीचा संशय त्या शब्दाला आधीच चिकटलेला होता.

या निदानाचा आणखी एक जाच होता. ते एकदा कागदावर आले की रुग्णाच्या शब्दाची किंमत घसरे. ब्रिटनमध्ये लुइस आणि अ‍ॅपलबी यांनी १९८८ मध्ये मानसोपचारतज्ज्ञांना रुग्णाची काल्पनिक टिपणे वाचायला दिली. व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान पूर्वी झाले होते एवढाच उल्लेख असला, तरी तोच रुग्ण त्यांना लक्ष वेधून घेणारा, त्रासदायक, मदतीला कमी पात्र वाटला.

हे दोन अविश्वास एकाच स्त्रीवर कोसळले, तर तिने सांगायचे कुणाला? प्रेमभंगाचे दुःख सांगावे तर तो ‘अस्थिर नातेसंबंधांचा’ पुरावा ठरतो. ‘मला दोघेही आवडतात’ म्हणावे तर ‘अस्मितेचा गोंधळ’. चिडावे, तर ‘अनावर राग’. तीन लक्षणे तिथेच भरली. ज्यांना खरोखर हा विकार आहे, ज्यांच्यासाठी रिकामेपण आणि स्वतःला इजा करण्याची ओढ रोजची असते, त्यांचेही यात नुकसानच झाले. त्यांच्या वेदनेकडे पाहायचे सोडून तज्ज्ञ त्यांच्या प्रेमाची तपासणी करत राहिले.

१९९४ च्या चौथ्या आवृत्तीत निकषातून लैंगिक कल वगळला गेला. संशय तेवढ्याने संपला नाही. अमेरिकेत युबँक्स-कार्टर आणि गोल्डफ्रिड यांनी २००६ मध्ये मानसशास्त्रज्ञांपुढे काल्पनिक रुग्णांची वर्णने ठेवली, तेव्हा ज्या पुरुष रुग्णाला वाचणाऱ्यांनी समलैंगिक किंवा उभयलैंगिक मानले, त्याला बॉर्डरलाइनचे निदान मिळण्याची शक्यता वाढली. उभयलैंगिकता म्हणजे ‘मधला टप्पा’ हा समजही तपासला गेला. मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी ७९ स्त्रियांचा दहा वर्षे मागोवा घेतला आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडला, की ती टिकाऊ ओळख असू शकते.

बॉर्डरलाइनच्या उपचाराचा इतिहासही एका रुग्णाने बदलला. या विकारासाठी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी) ही उपचारपद्धती घडवणाऱ्या मार्शा लिनेहान १९६१ मध्ये, किशोरवयात, स्वतः मनोरुग्णालयात दाखल होत्या. हे त्यांनी जाहीरपणे सांगितले ते २०११ मध्ये, त्यांच्या पद्धतीला जगभर मान्यता मिळाल्यावर.

भारतात इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने समलैंगिकता आजार नसल्याचे २०१८ मध्ये स्पष्ट केले, आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध बाहेर काढले. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने समुपदेशकांना क्विअर व्यक्तींचे म्हणणे सन्मानाने ऐकायला शिकवणारा अभ्यासक्रम चालवला.

अमेरिकेतली पाचवी ‘डीएसएम’ २०१३ मध्ये आली. बॉर्डरलाइनच्या नऊ निकषांत लैंगिक कल नाही. पण निकषांखालच्या स्पष्टीकरणात, रुग्णांच्या करिअरविषयी, मूल्यांविषयी आणि मित्रांविषयी अचानक बदलणाऱ्या मतांच्या यादीत, लैंगिक ओळख हे शब्द अजून छापलेले होते.