‘खोरें’ या शब्दाचा विस्तार

इंग्रजी ‘व्हॅली’ या शब्दास मराठींत प्रतिशब्द कोणता, असें वर्गांत विचारलें कीं बहुतेक विद्यार्थी ‘दरी’ असें उत्तर देतात. तें उत्तर पारखण्यास नाशिक रोड हें स्थळ सोयीचें आहे. मुंबईहून येतांना कसाऱ्याच्या घाटांत आगगाडीच्या खिडकींतून दिसतात त्या दऱ्या. पुढें नाशिक रोडला उतरावें, तों उत्तरेस गोदावरी, दक्षिणेस दारणा आणि मध्यें सपाट वस्ती. येथें दरी कोठेंच दिसत नाहीं. तथापि आपण उभे असतों तें गोदावरीचें खोरेंच होय.

संस्कृतांत ‘दरी’ म्हणजे बहुधा गुहा. ‘दृ’ म्हणजे फाडणें या धातूचा तो शब्द. मराठींत तो डोंगरामधील खोल चिरेस लागला. दरींत माणूस पडतो. खोऱ्यांत तो नांदतो. माती ओढण्याच्या अवजारासही आपण ‘खोरें’च म्हणतों, आणि ‘पैसा खोऱ्यानें ओढणें’ हा वाक्प्रचार त्यावरूनच निघाला आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील गौतमी बलश्रीच्या लेखांत गौतमीपुत्र सातकर्णि हा विंध्य, सह्य, मलय, महेंद्र इत्यादि पर्वतांचा स्वामी म्हणून वर्णिला आहे. राजस्तुति अशी पर्वत मोजते. वतनाच्या आणि वसुलाच्या कागदांत मात्र मुठें खोरें, रोहिड खोरें, हिरडस मावळ अशीं नांवें येतात; जुन्नरकडे मीना नदीचें तें मीननेर, भीमेचें तें भीमनेर. रोहिड खोऱ्यांत जेधे, हिरडस मावळांत बांदल, असे देशमुखही निरनिराळे. सारांश, त्या काळचें खोरें म्हणजे डोंगरांच्या दोन रांगांमध्यें मावणारें आपल्या माणसांचें घर होतें.

विसाव्या शतकांत या अर्थास मोठा फाटा फुटला. अमेरिकेंत १९३३ सालीं टेनेसी खोऱ्याचें प्राधिकरण निघालें, त्याच धर्तीवर १९४८ सालीं आपल्याकडे दामोदर खोरे निगम झाला, आणि १९९६ सालीं महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालें. आतां खोरें म्हणजे ज्या ज्या भूमीचें पाणी एका नदीस मिळतें ती सर्व भूमि. या हिशेबानें गोदावरीचें खोरें ब्रह्मगिरीपासून पूर्वसमुद्रापर्यंत, सुमारें ३ लक्ष १२ हजार चौरस किलोमीटर भरतें.

हा वाद केवळ कोशकारांचा नाहीं. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं पुरें झालें. पुढें २००५ च्या कायद्यानें खोऱ्यांतील पाण्याच्या समन्यायी वाटपाचें तत्त्व मान्य केलें, आणि तुटीच्या वर्षीं वरच्या धरणांतून खालीं पाणी सोडण्याचे प्रसंग आले. तेव्हां नाशिककर ‘आमच्या खोऱ्याचें पाणी’ म्हणाले ते जुन्या अर्थानें; पैठणकरांनीं तेंच शब्द उच्चारले ते नव्या अर्थानें. खोटें कोणीच बोलत नव्हतें. जुन्या अर्थांत आपलेपणा आहे, नव्यांत न्याय आहे. वरच्या माणसाची तहानही खरीच. परंतु नदीचा उगम आपल्या उशाशीं असणें हा मालकीचा पुरावा नव्हे. पूर्वजांनीं एका डोंगररांगेपुरता राखलेला जिव्हाळा आपणांस पैठणपर्यंत नेतां येईल काय, एवढाच प्रश्न या लहानशा शब्दानें आपल्यापुढें ठेविला आहे, असें आम्हांस वाटतें.