दबावगटांचा पाठिंबा आणि अध्यक्षीय उमेदवारीची लढत : अमेरिका, १९८३-८४

प्रस्तावना

पक्षांतर्गत उमेदवारीची चुरस सुरू असताना एखाद्या संघटनेने आपले वजन एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकावे काय, हा लोकशाहीतील नाजूक प्रश्न आहे. अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षातील १९८४ च्या लढतीच्या आधारे संघटनेचा पाठिंबा आणि सभासदांचे मत यांतील अंतर तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

१९६८ च्या शिकागो अधिवेशनानंतर मॅक्गव्हर्न-फ्रेझर आयोगाने केलेल्या शिफारशींमुळे उमेदवार निवडण्याची सत्ता पक्षनेत्यांकडून प्रायमरी व कॉकसमधील मतदारांकडे गेली. साहजिकच कामगार पुढाऱ्यांच्या पडद्यामागील शब्दाची किंमत घटली. १९७२ मध्ये एएफएल-सीआयओ हा कामगार महासंघ अध्यक्षीय निवडणुकीत तटस्थ राहिला, तर १९८० मध्ये कामगार संघटना कार्टर व केनेडी यांच्यात विभागल्या गेल्या. ही विभागणी टाळण्यासाठी लेन कर्कलंड यांच्या नेतृत्वाखालील महासंघाने ऑक्टोबर १९८३ मध्ये, म्हणजे एकही मत पडण्यापूर्वी, वॉल्टर मॉन्डेल यांना पाठिंबा जाहीर केला. नॅशनल एज्युकेशन असोसिएशन ही शिक्षक संघटनाही त्यांच्यामागे उभी राहिली. डिसेंबरमध्ये नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन या स्त्री-संघटनेने प्रथमच अध्यक्षपदाच्या उमेदवाराला पाठिंबा दिला; तोही मॉन्डेल यांनाच.

पाठिंब्याचे बळ आणि ओझे

२० फेब्रुवारी १९८४ रोजी आयोवात मॉन्डेल यांना सुमारे निम्मी मते मिळाली. मात्र आठच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये गॅरी हार्ट यांनी त्यांचा पराभव केला. मॉन्डेल हे हितसंबंधी गटांच्या आश्वासनांत अडकलेले उमेदवार आहेत, असा हार्ट यांच्या प्रचाराचा रोख होता. कामगारांच्या पैशावर चाललेल्या प्रतिनिधी-समित्यांमुळे या टीकेला धार आली. अखेर एप्रिलमध्ये मॉन्डेल यांना त्या समित्या बंद करण्याचा निर्णय घ्यावा लागला. दुसरीकडे इलिनॉय, न्यूयॉर्क व पेनसिल्व्हेनिया या औद्योगिक राज्यांत संघटित कामगारांचे बळच त्यांच्या उपयोगी पडले. म्हणजेच ज्या पाठिंब्याने उमेदवारी तारली, तोच प्रतिस्पर्ध्याच्या हातातील शस्त्रही ठरला.

जुलैमध्ये जेराल्डिन फेरारो यांची उपाध्यक्षपदासाठी निवड झाली. स्त्री-संघटनांची एक प्रमुख मागणी पूर्ण झाली. परंतु मॉन्डेल दबावापुढे झुकतात, ही टीकाही पुन्हा उफाळली.

सार्वत्रिक निवडणूक

नोव्हेंबरमध्ये रेगन यांना ५२५, तर मॉन्डेल यांना अवघी १३ निर्वाचक मते मिळाली. सावरलेली अर्थव्यवस्था आणि रेगन यांची लोकप्रियता पाहता या पराभवाचे खापर केवळ दबावगटांवर फोडणे अन्यायाचे होईल. तथापि मतदानोत्तर पाहणीनुसार कामगार-संघटनांशी संबंधित कुटुंबांतील सुमारे ४६ टक्के मते रेगन यांना गेली, तसेच बहुसंख्य स्त्रियांनीही त्यांनाच पसंती दिली, ही बाब दुर्लक्षिता येत नाही.

निष्कर्ष

पाठिंब्यातून उमेदवाराला कार्यकर्ते, पैसा व यंत्रणा मिळते; सभासदांची मते मात्र आपोआप मिळत नाहीत. पाठिंबा नेतृत्व जाहीर करते, मत सभासद स्वतंत्रपणे देतो. १९८८ साली एकमत नसल्याने महासंघाने प्रायमरीपूर्वी कोणालाही पाठिंबा दिला नाही. १९९९ मध्ये मात्र अल गोर यांना तो लवकर दिला. यावरून पाठिंब्याचे मोल तो किती लवकर दिला यापेक्षा त्यामागे सभासदांची संमती किती आहे, यावर अधिक अवलंबून असते, असे म्हणता येईल.