फलाटावरचा दरबार

संस्था समाजमाध्यमांतून जनसंपर्क कसा साधतात, असा आजचा विषय आहे. काहींना वाटेल, यात इतिहास तो कुठला? ट्विटर सुरू झालं २००६ साली. तर आपण त्याच्या बरोबर शंभर वर्षं मागे जाऊ या. गोष्ट रेल्वेची आहे, आणि आज आपण रेल्वे सोडून फारसं कुठे जाणारही नाही.

२८ ऑक्टोबर १९०६. अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ विजेवर चालणारी एक गाडी पुलावरून घसरून पाण्यात पडली. पन्नासहून अधिक माणसं गेली. अपघात झाला की बातमी दाबायची, वार्ताहरांना जवळ फिरकू द्यायचं नाही, ही तेव्हाच्या कंपन्यांची सरळ रीत होती. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा सल्लागार होता आयव्ही ली, मूळचा पत्रकार. त्याने उलटं केलं. काय घडलं याचं निवेदन त्याने स्वतः लिहून वर्तमानपत्रांना दिलं आणि वार्ताहरांना घटनास्थळी नेलं. न्यूयॉर्क टाइम्सने ते निवेदन जसंच्या तसं छापलं. आधुनिक जनसंपर्काचा आरंभ पुष्कळ जण इथून मानतात. आमचं काम उघड्यावर चालतं, आम्ही देतो ती माहिती कुणीही तपासून पाहावी, अशा आशयाचा जाहीरनामा लीने त्याच वर्षी काढला होता.

आता पुढे बघा. १९१४ साली कोलोरॅडोत लडलो इथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला. मेलेल्यांत बायका होत्या, अकरा मुलं होती. कंपनी रॉकफेलर घराण्याची. त्यांनी बोलावलं लीलाच. मग देशभरच्या वजनदार माणसांना कंपनीची बाजू मांडणारी पत्रकं जाऊ लागली. कामगार पुढाऱ्यांचे पगार त्यांत कितीतरी पट फुगवून छापले होते. पुढे चौकशी आयोगापुढे लीने मान्य केलं की, मालकांनी दिलेली माहिती आपण स्वतः पडताळली नव्हती. म्हणजे ‘कुणीही तपासावी’ म्हणणाऱ्याने स्वतःच तपासली नव्हती! हा माणूस ढोंगी होता असं आम्हाला वाटत नाही. उघडेपणा ही त्याची निष्ठाही होती आणि धंद्याचं साधनही. अडचण आली ती दोन्हींत निवड करायची वेळ आली तेव्हा.

आपल्याकडे जीआयपी रेल्वेने १९२०च्या दशकात जत्रायात्रांतून फिरता सिनेमा दाखवून प्रवासाची जाहिरात केली. तो एकतर्फी मामला होता, त्यावर थांबायला नको. पण त्याच्या थोडं आधी, सप्टेंबर १९१७ मध्ये, गांधीजी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने गेले. तिकीट तेरा रुपये नऊ आण्यांचं, डबा बावीस प्रवाशांचा, आणि माणसं कधीकधी पस्तिसाच्या वर. त्यांनी त्यावर वर्तमानपत्रांसाठी सविस्तर पत्र लिहिलं. आपल्याला नेमकं काय हवंय ते त्या पत्रात आहे. ‘मला जागा द्या’ असं त्यात कुठेच नाही. शौचालयं, पाणी, फलाटावरचं खाणं, ही सगळी तक्रार एका अख्ख्या वर्गाची आहे. हे लक्षात ठेवा, बरं का. याकडे परत यायचंय.

नोव्हेंबर २०१४ मध्ये आपल्या कोकणातले सुरेश प्रभू रेल्वेमंत्री झाले. चालत्या गाडीतून प्रवाशाने ट्वीट करायचं आणि पुढच्या स्थानकावर दाद मिळायची, हा प्रकार त्यांच्या काळात गाजला. तान्ह्या मुलासाठी दूध आलं, आजाऱ्यासाठी डॉक्टर आला, एकट्या बाईला कुणी त्रास देत होतं तर रेल्वे पोलीस आले. याला निव्वळ दिखावा म्हणणं अन्यायाचं होईल. दूध खरंच आलं होतं. स्टेशनमास्तरच्या खोलीतल्या तक्रारवहीत शेरे लिहून थकलेल्या आमच्या पिढीला तर ते अप्रूपच होतं.

पण तक्रारवहीत आणि ट्वीटमध्ये फरक काय? वहीतलं उत्तर, आलंच तर, तक्रारदाराला यायचं. ट्वीटचं उत्तर तक्रारदाराला असतं आणि बघणाऱ्या लाखोंनाही असतं. संस्थेच्या दृष्टीने कित्येकदा बघणाऱ्यांनाच अधिक. १९६२ साली हाबरमास या जर्मन तत्त्वज्ञाने सार्वजनिकतेच्या स्थित्यंतरावर ग्रंथ लिहिला. सरंजामी काळात धनी लोकांपुढे आपलं ऐश्वर्य मिरवी. पुढे लोक जमून वाद घालू लागले, कारभाराला जाब विचारू लागले. आणि जनसंपर्काच्या युगात ते मिरवणं पुन्हा परतलं, असं त्याचं म्हणणं. आपल्या भाषेत याला एक सोपा शब्द आहे : दरबार. अर्जदार हाक मारतो, धनी तत्काळ देतो, दरबार ‘वाहवा’ म्हणतो. देणं खरं असतं, अर्जदाराची गरजही खरी असते. फक्त दरबारात अंदाजपत्रकावर चर्चा होत नाही.

२९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदला दिवस. सकाळी पाऊस आला, आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर माणसं अडकली. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. प्रभू तेव्हा त्या खात्यात नव्हते. ऑगस्टमधल्या दोन अपघातांनंतर त्यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारली होती, तीही ट्विटरवरच, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला खातं बदललं होतं. त्या पुलाबद्दल प्रवाशांनी आधी लिहिलं होतं. कुठे? याच ट्विटरवर, गर्दीची छायाचित्रं लावून. खासदारांनी पत्रं दिली होती. नवा पूल कागदावर मंजूरही होता.

दूध एका स्थानकात पोचतं आणि पूल वर्षानुवर्षं पोचत नाही, असं का? दुधाला एक बाळ असतं, आसनक्रमांक असतो, आभाराचं ट्वीट असतं. पुलाची तक्रार करणारा कुठल्या आसनावर बसलेला नसतो. तो रोज बदलतो, हजारोंनी असतो, आणि पूल झाला तरी आभार मानायला नेमकं कोण येणार? पूल मागायला निविदा लागते, पैसा लागतो, कुणाच्या तरी खुर्चीवर कालमर्यादा लावावी लागते. गांधीजींची तक्रार या जातीची होती. ती ट्वीटच्या तेव्हाच्या १४० अक्षरांत मावलीही असती कदाचित, पण तिला उत्तर काय देणार?

दुर्घटनेनंतर ते काम लष्कराच्या अभियंत्यांकडे गेलं. नवा पूल २७ फेब्रुवारी २०१८ला खुला झाला. म्हणजे मनावर घेतल्यावर लागले ते चार-पाच महिने. स्थानकाचं नाव आता प्रभादेवी आहे. आपल्यापैकी कुणी तिथून जात असेल तर त्याला त्या पुलाची रुंदी ठाऊक असेल. बरं, आता प्रश्न घेऊ.