मॅटची पायरी

सरकारी कचेरीत वरिष्ठाला हाताखालच्या माणसाचा काटा काढायचा असेल, तर आवाजही चढवावा लागत नाही. ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढं लिहून बदली करता येते. गोपनीय अहवालातली प्रतवारी एका पायरीनं खाली आणली की पदोन्नती हुकते. निवृत्तीच्या तोंडावर विभागीय चौकशीचं दोषारोपपत्र बजावलं की निवृत्तिवेतनाचं प्रकरण लटकतं. खोट्या बिलावर सही न करणारा लेखा लिपिक, साहेबाविरुद्ध लाचलुचपत खात्याकडे गेलेला तलाठी, छळाची तक्रार करणारी महिला पोलीस यांच्या हातात पडणारा आदेश दिसायला इतर कुठल्याही आदेशासारखाच असतो. त्याविरुद्ध राज्य सरकारचा कर्मचारी ज्या दारात जातो, ते महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. कचेऱ्यांमध्ये त्याला सगळे ‘मॅट’ म्हणतात, आणि ‘मी मॅटमध्ये जाईन’ हे वाक्य ऐकून साहेब लोक फाइल पुन्हा एकदा उघडून बघतात.

या संस्थेचा जन्मदाखला आणीबाणीतला आहे. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद 323-अ आला आणि सेवाविषयक वादांसाठी वेगळी न्यायाधिकरणं काढण्याची सोय झाली. कायदा व्हायला 1985 उजाडलं. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे ‘कॅट’ सुरू झालं. महाराष्ट्राचं मॅट 8 जुलै 1991 पासून. मुख्यालय मुंबईत, पीठं नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. तोवर कर्मचाऱ्याला उच्च न्यायालयात रिट करावी लागे, नाहीतर दिवाणी कोर्टात दावा.

मुंबईतलं मॅट अनेक वर्षं नरिमन पॉइंटला, फ्री प्रेस जर्नल मार्गावरच्या बराकींत होतं. मंत्रालयापासून ही जागा चालत जाण्याइतकी जवळ. सरकारची बाजू मांडणाऱ्यांना ते सोयीचं होतं. सिंधुदुर्गातून रात्रभर प्रवास करून येणाऱ्या वनरक्षकाला मात्र ज्या खात्याविरुद्ध आलो, त्याच्याच अंगणात आल्यासारखं वाटलं असेल तर नवल नाही. या संस्थेची इमारत, कर्मचारी आणि खर्च हे सगळं राज्य सरकारकडेच असतं, आणि जवळपास प्रत्येक प्रकरणात प्रतिवादीही तेच असतं.

मॅटच्या पीठावर एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य बसतो. प्रशासकीय सदस्य म्हणजे बहुधा निवृत्त सनदी अधिकारी. ज्यानं आयुष्यभर बदल्यांच्या आदेशांवर सह्या केल्या, तो कर्मचाऱ्याला काय न्याय देणार, ही शंका पहिल्यापासून घेतली गेली. मला ती अर्धीच खरी वाटते. फाइलवर कुठली टिपणी असायला हवी होती आणि ती का नाही, हे अशा माणसाला जितकं लवकर कळतं तितकं वकिलालाही कळत नाही.

पहिली सहा वर्षं मॅटच्या निकालावर थेट सर्वोच्च न्यायालयातच जाता येई. मार्च 1997 मध्ये एल. चंद्रकुमार खटल्यात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठानं उच्च न्यायालयांचा पुनर्विलोकनाचा अधिकार घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग ठरवला. तेव्हापासून मॅटचा निकाल उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे तपासला जातो. दिल्ली टळली हा फायदा. एक पायरी वाढली हा तोटा. खमक्या खात्यानं ठरवलं तर जिंकलेल्या लिपिकाला आणखी काही वर्षं झुलवत ठेवता येतं.

खरी अडचण वेगळीच होती. सूड सिद्ध कसा करायचा? 1973 च्या रोयप्पा निकालानं त्याचं माप ठरवून ठेवलं होतं. तमिळनाडूचे मुख्य सचिव आपल्याला आकसानं बाजूला काढलं म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हरले. दुष्ट हेतूचा आरोप करणाऱ्यावरच पुराव्याचा बोजा, आणि तो फार जड, असं न्यायालयानं सांगितलं. राज्याच्या सर्वात मोठ्या अधिकाऱ्याला जे जमलं नाही, ते तालुक्याच्या कारकुनाला कुठून जमणार? शिवाय ज्याच्यावर आकसाचा आरोप, त्याला नावानिशी प्रतिवादी करावं लागतं. केस चालू असताना आपला गोपनीय अहवाल त्याच्याच हातात असू शकतो.

मॅट सुरू होण्याच्या थोडं आधीच शिल्पी बोस निकाल आला. बिहारमधल्या प्राथमिक शिक्षिकांच्या बदल्यांचं ते प्रकरण. बदली हा नोकरीचाच भाग आहे. सक्तीच्या वैधानिक नियमाचा भंग किंवा दुष्ट हेतू असल्याशिवाय न्यायालयानं त्यात पडू नये, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे दारं दोनच. हेतूचं दार जवळपास बंद. आणि नियमाचं दार महाराष्ट्रात बांधलेलंच नव्हतं, कारण बदल्या चालत त्या शासन निर्णयांवर आणि परिपत्रकांवर. परिपत्रक मोडलं म्हणून आदेश रद्द होईलच याची खात्री नव्हती. पहिल्या दशकातल्या मॅटकडे बघताना हे लक्षात ठेवायला हवं. मॅट भित्रं होतं असं म्हणणाऱ्यांनी तर नक्कीच.

नियमाचं ते दार अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या दबावानं बांधलं गेलं. 2003 मध्ये वटहुकूम निघाला, मग 2005 चा बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा कायदा झाला आणि 1 जुलै 2006 पासून तो लागू झाला. एका पदावर साधारण तीन वर्षांचा कालावधी. बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल-मे महिन्यात. त्याआधी किंवा मध्येच बदली करायची तर कलम 4 च्या पोटकलम 5 प्रमाणे विशेष कारण लेखी नोंदवायचं आणि लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यायची.

मॅटच्या आयुष्यात या पोटकलमाइतका मोठा बदल दुसरा झालेला नाही. साहेबाच्या मनात काय होतं हे विचारायची गरज संपली. मूळ फाइल मागवायची आणि कारण कुठे लिहिलंय ते बघायचं. ‘प्रशासकीय निकड’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते कारण नव्हे. मान्यता आदेशानंतर घेतलेली असेल तर ती पूर्वमान्यता नव्हे. ‘तक्रारी आल्या’ म्हटलं असेल तर तक्रारी दाखवा, आणि त्या खऱ्या वाटत असतील तर बदलीऐवजी चौकशी का केली नाही? अशा प्रश्नांवर कित्येक मुदतपूर्व बदल्या कोसळल्या. आकस सिद्ध झाला नाही, पण आकसाला सभ्य कारण लिहिता येत नाही, तिथेच तो पकडला गेला.

डिसेंबर 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही एक पाऊल टाकलं. भोपाळच्या केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यातल्या अधिकाऱ्याविरुद्ध निनावी तक्रार आली, चौकशीत काहीच निघालं नाही, तरी त्याला शिलाँगला धाडलं. शिक्षेऐवजी केलेली बदली कायद्याच्या दृष्टीनं दुर्भावाचीच, मग मनातला राग सिद्ध होवो वा न होवो, असा तो निकाल. पुढे मॅटपुढच्या अर्जांमध्ये त्याचा दाखला नेहमीचाच झाला.

2014 मध्ये राज्यात बदल्यांची शिफारस करणारी नागरी सेवा मंडळं आली आणि पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन पोलिसांसाठी आस्थापना मंडळं आली. मॅटपुढे पोलीस निरीक्षकांच्या मध्यावधी बदल्यांचे अर्ज येऊ लागले. सरकारही शिकलं: आता फाइलवर मंडळाचं इतिवृत्त असतं, कारणंही लांबलचक असतात. पण राजकीय शिफारसपत्रं अजून त्याच फाइलींत सापडतात. निलंबनाचं हत्यार 2015 च्या अजयकुमार चौधरी निकालानं बोथट केलं. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही. महाराष्ट्रानं ते आपल्या शासन निर्णयात उतरवायला 9 जुलै 2019 ही तारीख गाठली.

बदल्यांपलीकडेही मॅटनं काम केलं. मृदुला भाटकर अध्यक्ष असताना 2022 मध्ये पोलीस भरतीत तृतीयपंथी उमेदवारांसाठी अर्जात पर्याय ठेवायला सरकारला भाग पाडलं, हे त्याचं एक उदाहरण.

दरम्यान इतर राज्यांत अशी न्यायाधिकरणं बंद पडत गेली. मध्य प्रदेश, तमिळनाडू, हिमाचल, आणि 2019 मध्ये ओडिशा. राज्यानं मागणी केल्यास ती बंद करता येतात, यावर सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये शिक्कामोर्तब केलं. मॅट टिकलं आहे, पण त्याच्या कक्षेत सगळे येत नाहीत. जिल्हा परिषदेचा ग्रामसेवक, एसटीचा वाहक, खासगी अनुदानित शाळेतला शिक्षक यांची दारं वेगळी आहेत. आत येणाऱ्यालाही आधी खात्यातले मार्ग संपवावे लागतात, आणि अंतिम आदेशापासून साधारण वर्षभरात अर्ज करावा लागतो. वाट बघू म्हणणारे इथेच हरतात.

आणि जिंकल्यावर काय मिळतं? जुनी खुर्ची, कधी थकलेलं वेतन. ज्यानं बेकायदा आदेश काढला त्याच्या खिशाला सहसा धक्का लागत नाही. सरकारच्या वकिलांचा खर्चही जनताच भरते. भ्रष्टाचार उघड करणाऱ्याला त्रास देण्याविरुद्ध संरक्षण देणारा जागल्यांचा कायदा संसदेनं 2014 मध्ये केला, राष्ट्रपतींची सही झाली, पण केंद्रानं तो लागूच केला नाही.

तो कायदा मुंबईच्या हातात नाही. एक गोष्ट मात्र आहे. मुदतपूर्व बदलीची लेखी कारणं आणि मंडळाची शिफारस कर्मचाऱ्याला आज माहितीच्या अधिकारात अर्ज करून किंवा मॅटमध्ये सरकारचं प्रतिज्ञापत्र आल्यावर कळते. तोवर तो एकतर्फी कार्यमुक्त झालेला असतो आणि त्याच्या जागी दुसरा रुजूही झालेला असतो. तो कागद बदलीच्या आदेशासोबतच हातात द्यावा, असा शासन निर्णय काढायला पैसा लागत नाही की विधिमंडळ लागत नाही. कर्मचारी संघटनांनी पुढच्या एप्रिलच्या आत ही मागणी लावून धरावी.