रेमडेसिव्हिर : मागणीची लाट आणि औषधचाचण्या
विषाणूची पुनरुत्पत्ती रोखणारे व पूर्वी इबोलावर अजमावलेले हे शिरेवाटे देण्याचे औषध कोविड-१९ च्या साथीत, पुरावा अपुरा असतानाच, ‘जीवरक्षक’ मानले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीच्या अंतरिम निष्कर्षांत (ऑक्टोबर २०२०) त्याने मृत्यू लक्षणीय घटल्याचे दिसले नाही. तरीही एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रभर कुपीसाठी नातेवाइकांच्या रांगा लागल्या, केंद्राने निर्यातबंदी केली, आणि अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) तत्कालीन खासदार सुजय विखे पाटील यांनी दिल्लीहून विमानाने शिर्डीला आणलेल्या साठ्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. वादाचा रोख खरेदीच्या वैधतेवर होता. औषधाच्या गुणाची चर्चा, नेहमीप्रमाणे, मागे राहिली.

अशा गाजावाजाची खरी झळ यादृच्छिक नियंत्रित चाचणीला, म्हणजे कोणाला औषध द्यायचे हे सोडतीसारख्या पद्धतीने ठरवून दोन गटांची तुलना करणाऱ्या पद्धतीला बसते, कारण औषध रामबाण आहे असे ठरून गेल्यावर ते न मिळणाऱ्या गटात राहण्यास रुग्ण राजी होत नाहीत, आणि सरसकट वापरातून जमलेल्या नोंदींत बरा झालेला रुग्ण औषधाने बरा झाला की आपोआप, हे वेगळे काढता येत नाही. असा तुलनागट सांभाळल्यामुळेच ‘सॉलिडॅरिटी’च्या २०२२ च्या अंतिम निष्कर्षांत प्राणवायूवर असलेल्या, परंतु कृत्रिम श्वसनयंत्रावर नसलेल्या रुग्णांना होणारा अल्पसा लाभ टिपता आला.