कोणी कुठे बसायचे

तिसगावच्या आसपास जत्रा म्हटली की हगामा आलाच. नगर भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, हगामा म्हणजे कुस्त्यांचा फड. नांगरून भुसभुशीत केलेली जमीन, भोवती माणसांचे कडे, हलगीचा कडकडाट, सुरुवातीला पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या आणि दिवस कलताना शेवटची मानाची कुस्ती. लहानपणी या कड्यात मला जागा मिळायची ती चौथ्या-पाचव्या रांगेत. तिथून कुस्ती दिसत नसे, पुढच्यांची धोतरे दिसत. कुस्ती कोणी मारली हे टोप्या उडाल्यावर कळायचे.

महाराष्ट्रात सर्व खेळांसाठी उत्तम मैदाने कोणत्या शहरात आहेत, असा प्रश्न दोन वर्षांपूर्वी वाचनालयातल्या गप्पांत निघाला. बहुतेकांनी मुंबई म्हटले, एक-दोघांनी पुणे. मी दुकान सांभाळून वाचणारा माणूस, मैदानांची मापे मला पाठ नाहीत. पण धोतरांची ती रांग आठवली आणि शोध त्याच दिशेने गेला. खेळणाऱ्याला जागा सगळेच देतात, बघणाऱ्याला कोण देतो?

आमच्या नगरपासूनच सुरुवात करतो. फिरिश्ता हा इतिहासकार लहानपणी नगरला वाढला. शहराचा संस्थापक अहमद निजामशाह याच्या काळातल्या तलवारीच्या द्वंद्वांचे वर्णन त्याने केले आहे. हा शौक इतका वाढला की बादशहासमोर माणसे मरू लागली. शेवटी लढती दरबाराबाहेर मोकळ्या जागेत न्याव्या लागल्या. प्रेक्षक म्हणून त्यात मोजला गेला तो एकटा बादशहा. बाकीचे आपापल्या जोखमीवर उभे.

खरा पालट कोल्हापुरात झाला. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी शाहू महाराज 1902 साली विलायतेला गेले आणि त्या प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले. त्यावरून त्यांच्या मनात कुस्तीच्या मैदानाची कल्पना आली. 1907 मध्ये काम सुरू झाले आणि 1912 मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. ही हकीकत सर्वांना माहीत आहे. मला त्यात वेगळेच दिसते. रोमच्या त्या इमारतीत बसण्याची जागा दर्जाप्रमाणे ठरलेली होती. उमराव पुढे, सामान्य लोक मागे, बायका आणि गुलाम अगदी वर. महाराजांनी आकार उचलला, उतरंड बरीचशी तिथेच ठेवली. खासबागेत एका बाजूला मानकऱ्यांसाठी मंच आहे, नाही असे नाही. पण बाकीचा सगळा गोल उतार म्हणजे मातीचीच बैठक. मध्ये हौद, आणि तिथून चारी बाजूंना जमीन वर चढत गेलेली. ना खांब, ना छत. शेवटच्या रांगेतल्या हमालालाही पैलवानाची पकड दिसते.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मैदान रिकामे होते. सर्वांत वरच्या कडेला जाऊन बसलो. खाली एक म्हातारा वस्ताद दोन पोरांना लाल मातीत घोळवत होता. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेले असते. पोराने पट काढताना गुडघा कुठे टेकवला, तेही मला वरून दिसले. तिसगावच्या पाचव्या रांगेचे उत्तर मला तिथे मिळाले.

आता मुंबई. चर्चगेटला उतरलेल्या माणसाला पायी फिरत वानखेडे, ब्रेबॉर्न, हॉकीचे स्टेडियम, कूपरेजचे फुटबॉल मैदान, ओव्हल आणि आझाद मैदान एका दुपारी पाहता येते. इतकी दाटी महाराष्ट्रात दुसरीकडे नाही. भारतातला पहिला कसोटी सामना 15 डिसेंबर 1933 रोजी बॉम्बे जिमखान्यावर सुरू झाला. लाला अमरनाथांनी त्यात 118 धावा केल्या. तो जिमखाना गोऱ्यांचा. पाहुण्या म्हणून आलेल्या हिंदी लोकांचा उत्साह त्यांच्या अंगणात मावला इतकेच.

बॅकबेची भर घातलेली जमीन मिळवून क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने ब्रेबॉर्न बांधले, 7 डिसेंबर 1937 रोजी त्याचे उद्घाटन झाले. आणि पहिल्याच मोसमात भांडण झाले ते खेळावरून नव्हे, खुर्च्यांवरून. हिंदू जिमखान्याला हव्या तेवढ्या जागा मिळाल्या नाहीत म्हणून हिंदू संघ बाहेर राहिला. पंचरंगी म्हणून गाजावाजा झालेली स्पर्धा पहिल्या वर्षी चारच संघांत खेळली गेली!

पुढे स्वातंत्र्य आले, जातवार सामने बंद झाले, पण खुर्च्या तिथेच राहिल्या. 1970 च्या दशकात तिकिटांच्या वाट्यावरून क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांचे पुन्हा फाटले. असोसिएशनचे धुरीण शेषराव वानखेडे यांनी थोड्याच अंतरावर दुसरे स्टेडियम उभे केले. शशी प्रभूंनी त्याचा आराखडा केला, काम साधारण तेरा महिन्यांत उरकले. जानेवारी 1975 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडच्या द्विशतकानंतर एक प्रेक्षक अभिनंदनाला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बडवले आणि गॅलऱ्या पेटल्या. नव्या जागेतही बघणाऱ्याची पायरी कोणती, हे ठरलेले नव्हते.

पुण्याबद्दल थोडक्यात. 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी बालेवाडी उभी राहिली, 2008 मध्ये युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. धावपट्टी, तलाव, सायकलिंगची वेलोड्रोम, टेनिस, सगळे एका आवारात. सोयींच्या यादीत ती कदाचित पहिली येईल. पण मोठी स्पर्धा नसलेल्या दिवशी मी तिथे गेलो तेव्हा खुर्च्या खूप आणि माणसे मोजकी.

म्हणून माझा कौल कोल्हापूरला. केवळ खासबागेसाठी नाही. तिथल्या तालमींनी फुटबॉल आपलासा केला, हे मला मोठे वाटते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही तालमीची नावे, आणि याच नावांचे संघ शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या गर्दीसमोर खेळतात. गर्दी तिकीट काढलेली असली तरी नात्यातली असते. पडलेल्या खेळाडूला ती नावाने हाका मारते. याच जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत हे नेमबाज दिले, वीरधवल खाडेसारखा जलतरणपटू दिला, 2024 मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळेने कांस्यपदक घेतले. नेमबाजीला प्रेक्षक फारसे लागत नाहीत, हा मुद्दा माझ्याविरुद्ध जातो, मान्य आहे. आणि खासबागेला लागून असलेले केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळाले, तेव्हा महाराजांनी शेजारी-शेजारी उभ्या केलेल्या नाटक आणि कुस्तीच्या जोडीतला एक भिडू पडला.

2025 च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला नगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढती झाल्या. 2025 ची गदा पृथ्वीराज मोहोळने नेली, पंचांच्या निर्णयांवरून रणही माजले. मी तिकडे गेलो होतो. मध्ये उंच मंचावर मॅट, भोवती दिवे, पुढे पाहुण्यांचे सोफे आणि कॅमेऱ्यांच्या रांगा. माझ्या पुढे एका बापाने पोराला खांद्यावर घेतले होते. त्याच्या मागच्या माणसाने त्याला खाली बसायला सांगितले. पोर खाली उतरले आणि बापाच्या पायांमधून बघू लागले.